पारावरून खाली उतरलेली कारभारीण

फार मागची गोष्ट. तेव्हा गावांना वेशी असायच्या, पण वेशींना कुलपं नसायची. अशाच एका तळ्याकाठच्या गावात एक कारभारीण राहत होती. तिचं नाव सुंद्राक्का.

कारभारीण म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली, आवाजानंच माणसाला उभं करणारी कुणी बाई आली असेल. सुंद्राक्का तशी अजिबात नव्हती. अंगानं जाड, तोंडानं गोड, आणि गावातली कुठलीही बातमी आधी तिच्या कानावर येणार. कुणाकडे बाळंतीण आली की ही डिंकाचे लाडू घेऊन हजर. कुणाकडे भांडण लागलं की उंबऱ्यात बसून दोन्हीकडचं ऐकायची, दोन्हीकडची भाकरी खायची आणि उठताना दोघांनाही म्हणायची, "तुझंच बरोबर आहे गं, पण सोडून दे." भांडण मिटायचं. निदान तिचं जेवण होईपर्यंत तरी मिटलेलं असायचं.

गावाची पद्धत अशी की माघ महिन्यात पारासमोर मडकी मांडायची. कारभारासाठी जेवढी माणसं उभी, तेवढी मडकी. ज्याला जो पसंत, त्याच्या मडक्यात त्यानं चिंचोका टाकायचा. त्या साली सुंद्राक्काचं मडकं असं भरलं की चिंचोके बाहेर सांडले.

का निवडलं हो तिला? विचारलं असतं तर लोकांनी सांगितलं असतं. "आपली आहे." "हसून बोलते." "माझी म्हैस आटली तेव्हा रोज येऊन विचारायची." सगळं खरं होतं. पण कारभारणीचं काम काय, हे तिला कुणी विचारलं नाही. तिनंही कुणाला विचारलं नाही. पारावर पाट मांडला, तिला त्यावर बसवलं, झेंडूचा हार घातला, ढोल वाजला, गूळ-खोबरं वाटलं आणि झाली कारभारीण.

मग सकाळपासून अंगणात माणसांची रीघ. "आक्का, सून रुसली." "आक्का, शेजाऱ्याची कोंबडी माझ्या परड्यात अंडी घालते, तर अंडं कुणाचं?" "आक्का, जावयाला काय देऊ?" सुंद्राक्का सगळ्यांना उत्तर द्यायची. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना तिला वाटायचं, कारभार म्हणजे हाच. चाललंय की छान.

फक्त कधीतरी, थंडीत हुरड्याचा वास आला की तिला लहानपणचं काहीतरी आठवायचं. ती अगदी चिमुरडी होती. बापाच्या खांद्यावर बसली होती. तिचं माहेरही याच गावातलं, आणि याच पारावर ही गर्दी. कुणीतरी मोठ्यानं काही पुसत होतं, कुणीतरी उत्तर देत होतं, आणि मग सगळं गाव एकदम ओरडायचं. बाप ओरडला की त्याचा खांदा हलायचा आणि तिला गुदगुल्या व्हायच्या. त्या दिवसाला पुसणी म्हणायचे. काय पुसायचे, काय ओरडायचे, ते काही केल्या आठवायचं नाही. बापाच्या मुंडाशाला येणारा धुराचा वास मात्र जसाच्या तसा आठवायचा.

"अहो, पुसणीला काय पुसायचे हो?" ती नवऱ्याला म्हणायची.

"पुसायचे कुठं? ढोल वाजवायचे," नवरा कूस बदलून म्हणायचा.

त्याचंही बरोबर होतं. लहानपणी तो आजोळी वाढला होता, आणि गावात परतल्यापासून त्यानं पुसणी म्हणजे ढोलच ऐकला होता.

तर असे दिवस चालले असताना गावात एक व्यापारी आला. दोरखंडांचा व्यापारी. नाडे, कासरे, मोटेचे सोल, सगळं त्याच्याकडचं. गाडी वडाखाली सोडून तो आधी तळ्यावर गेला. ओंजळभर पाणी घेऊन पाहिलं, काठानं चालून आला, आणि मग सुंद्राक्काच्या अंगणात येऊन बसला.

"राम राम, कारभारीण. तळं मोठं झकास आहे तुमचं."

"आहेच मुळी," सुंद्राक्का फुलली. "घ्या, गूळपाणी घ्या. त्याच तळ्याचं आहे."

आणि खरंच, त्या गावाला दुसरं पाणी नव्हतं. माणसांना प्यायला तेच, गुरांना तेच, उन्हाळ्यात तळं आटत गेलं की काठाच्या ओलीवर काकड्या-टरबुजं लावायची, तीही त्याच्याच जिवावर.

व्यापारी म्हणाला, "मला दरसाल या तळ्यात माझा ताग भिजत घालायचा आहे. बदल्यात घाटाला घडीव दगडाच्या पायऱ्या बांधून देतो. बायाबापड्या घसरायच्या थांबतील. वर एक कमान उभारतो. कमानीवर तुमचं नाव कोरतो."

सुंद्राक्कानं आपलं नाव आजवर फक्त हाकेत ऐकलं होतं. दगडात कोरलेलं आपलं नाव कसं दिसेल, हे ती मनातल्या मनात बघू लागली. व्यापारी पुढं बोलत होता, तिकडे तिचं अर्धंच लक्ष.

"इकडे रिवाज आहे ना, तळ्याचं पाणी माझ्या हातावर सोडलं की शब्द पक्का?"

"आहे, आहे."

"मग एक सांगा. ते पाणी तुम्ही एकटीनं सोडलं की झालं, का आणखी कुणाला विचारावं लागतं? मागं एका गावात कारभाऱ्यानं पाणी सोडलं, आणि मग गाव म्हणालं, त्याला हक्कच नव्हता. माझ्या भरल्या गाड्या माघारी गेल्या. म्हणून आधीच विचारलेलं बरं."

सुंद्राक्कानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. कोंबडीच्या अंड्यापासून जावयाच्या आहेरापर्यंत सगळ्याचं उत्तर देणारी ती बाई, पण याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

"बाजाराच्या दिवशी या," ती कसंबसं म्हणाली. "तेव्हा पारावर काय ते पक्कं करू."

व्यापारी गेला आणि सुंद्राक्काचं गूळपाणी कडू झालं. कुणाला विचारावं? उघड विचारलं तर गावभर होणार, कारभारणीला कारभार येत नाही म्हणून. तेव्हा तिनं ठरवलं, आडून आडून विचारू.

आधी गेली माजी कारभाऱ्याकडे. तो ओसरीवर आपला जुना फेटा उन्हाला घालून बसला होता.

"भाऊजी, तुमच्या वेळी तळ्याचं काही ठरवायची पाळी आली तर कसं करायचा हो?"

"तळ्याचं? तळ्याचं काय ठरवायचं, वैनी? ते जिथं आहे तिथं आहे." त्यानं फेट्याची सुरकुती सारखी केली. "कारभार म्हणजे हा बघा, फेटा. जत्रेत पहिला नारळ आपला. पंगतीत पहिलं पान आपलं. काय दिवस होते ते! तुम्हा बायकांना फेटा बांधायची सोय नाही म्हणून..."

"बरं, येते मी," म्हणून सुंद्राक्का उठली.

मग ती घाटावर गेली. बाया धुणी धूत होत्या.

"काय गं, तळ्याच्या बाबतीत गावानं काही म्हणायचं असतं का?"

"गावानं? आम्ही चिंचोका टाकला की तुझ्या मडक्यात," एकजण हसून म्हणाली. "आमचं काम झालं. आता तू आहेस ना."

"तू बघ, आक्का. आम्हा मेल्यांना त्यातलं काय कळतंय?" दुसरी म्हणाली आणि प्रेमानं तिच्या हातावर पाणी उडवलं.

प्रेमानंच म्हणाली हो ती. पण सुंद्राक्काला वाटलं, कुणीतरी भरलेला हंडा आपल्या डोक्यावर ठेवलाय आणि सगळ्या हात झटकून मोकळ्या झाल्यात.

शेवटी ती शाळेतल्या पंतोजींकडे गेली. पंतोजी भला माणूस. त्यांनी बराच वेळ शेंडी कुरवाळली. "सुंद्राबाई, या मुलखावर कोण कोण राजे होऊन गेले ते पुसा, घडाघडा सांगतो. पण आपल्या गावाचा कारभार कसा चालतो, हे मला कुणी शिकवलं नाही. मीही पोरांना शिकवलं नाही. खरंच, का बरं नाही शिकवलं?" आणि ते तिथंच विचारात पडले.

घरी नवरा वाट बघत होता. त्याला सगळं कळलंच होतं. गावात काय लपतंय?

"एवढं कशाला मनाला लावून घेतेस? सांगून टाक, आहे मला हक्क. नाही म्हणायला गावात ठाऊक कुणाला आहे?"

"तेच तर खातंय मला," सुंद्राक्का म्हणाली. "कुणालाच ठाऊक नाही. मी चुकले तर चुकले म्हणून सांगणारंसुद्धा कुणी नाही."

बाजाराचा दिवस उजाडला. पार सारवला. पाट मांडला. आंब्याची पानं बांधली. सुंद्राक्का वर पाटावर, गळ्यात हार. खाली धुळीत सगळं गाव मांडी घालून बसलेलं. व्यापारी धुतलेलं धोतर नेसून, हात पुढं करून उभा. तळ्याच्या पाण्यानं भरलेला तांब्या सुंद्राक्काच्या हातात.

"सोड, आक्का, सोड!" खालून कुणी तरी म्हणालं. "पायऱ्या व्हायच्यात!"

"आणि कमानीवर नाव मोठं कोरा हो, आमच्या आक्काला लांबून दिसायला पाहिजे!"

हशा पिकला. सुंद्राक्कानं तांब्या कलता केला. पाणी अगदी तांब्याच्या काठाशी आलं. तांब्या अजून एवढासा कलला असता की तळं गेलं असतं. आणि तिचा हात थांबला.

समोरची तोंडं तिला ओळखीची होती. कुणाच्या बारशाला ती गेली होती, कुणाच्या सासूला तिनं समजावलं होतं. या सगळ्यांनी तिच्या हातात काय दिलंय, हेच तिला ठाऊक नव्हतं. ते आपलं आहे की नाही, हे ठाऊक नसताना ती दुसऱ्याला देऊन टाकायला निघाली होती.

तिनं तांब्या सरळ केला.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"काय माहीत नाही?"

"हे पाणी सोडायचा मला हक्क आहे का, ते. तुम्ही मला निवडलंत, पण कशासाठी निवडलंत ते मला माहीत नाही. तुम्हाला कुणाला माहीत असेल तर सांगा बाबांनो."

मग मागून एक टवाळ आवाज आला. "घ्या! आता कारभारणीलाच गावाला विचारून कारभार शिकायचाय!"

"आधी सांगितलं असतंस तर चिंचोका वाचला असता, भाजून खाल्ला असता!"

सुंद्राक्काचे कान तापले. कालपर्यंत जी माणसं आक्का आक्का करत होती, तीच आज तोंडाला पदर लावून हसत होती. तिला वाटलं, उठावं आणि घरी जावं. पण घरी गेली असती तर प्रश्न तसाच राहिला असता. तेव्हा तिनं गळ्यातला हार काढून पाटावर ठेवला, पदर खोचला आणि पारावरून खाली उतरली. लोकांच्या मध्ये, धुळीत येऊन उभी राहिली.

"तुम्ही वर बसा," ती म्हणाली. "मला मान वर करून बोलायला सोपं जाईल. माझं चुकत असेल तर तिथून सांगा."

लोकांना कळेना काय करावं. पण म्हातारीकोतारी हळूहळू उठली आणि पारावर टेकली, पाय लोंबते सोडून. त्यात गावातली सगळ्यांत म्हातारी आजी होती. ती वर बसली, खाली उभ्या सुंद्राक्काकडे तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि एकदम तिच्या बोळक्या तोंडावर हसू आलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "अस्संच! अस्संच असायचं! कारभारी खाली आणि आपण वर. वर पाट कधीच नव्हता. मी नव्यानं नांदायला आले तेव्हा इथंच बसले होते, या कोपऱ्यावर. पुसणीचा दिवस होता तो."

एकाला आठवलं की दुसऱ्यालाही आठवतं, तशी गंमत झाली. माजी कारभाऱ्याचा म्हातारा काका काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "आणि आमचा आजा इथनं पुसायचा, तळं कुणाचं?"

"आणि खालून कारभारी म्हणायचा, तुमचं!" पलीकडून कुंभार म्हणाला.

"मग पुसायचे, तुझं काय?"

"राखण! माझी राखण!" आजीनं टाळी वाजवली.

"थांबा, थांबा, आणखी होतं. देशील का कुणाला?"

यावर सगळे अडले. कुंभार आपल्या बापाची नक्कल करत हात हलवून बघत होता, हात हलले की शब्द सापडतील म्हणून. आणि ते खरंच सापडले. "तुम्ही सगळ्यांनी म्हटलं तर. एकट्यानं नाही!"

"आणि मग आपण सगळे ओरडायचो," आजी म्हणाली, "ध्यानात ठेव!"

ध्यानात ठेव. ते शब्द कानावर पडले आणि सुंद्राक्काच्या पायाखालची धूळ जणू हलली. बापाचा खांदा, हुरड्याचा धूर, आणि त्या खांद्यातून तिच्या अंगात शिरणारा तो आवाज. तिचे डोळे भरून आले. पण रडायला वेळ नव्हता. समोर व्यापारी हात पुढं करून तसाच उभा होता.

ती त्याच्याकडे वळली. "पाहुणे, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मला एकटीला हक्क नाही. तळं यांचं आहे."

व्यापारी काही रागावला नाही. त्याला काय, पक्का शब्द हवा होता. त्यानं पाराकडे तोंड केलं. "मग गावकरी हो, तुम्हीच म्हणा. घडीव पायऱ्या. कमान. नाव कुणाचं ते तुम्ही ठरवा. सोडायचं का पाणी?"

झालं! सगळ्या गावाच्या तोंडावर एकदम 'हो' आलं. माजी कारभाऱ्यानं तर कमानीवर कुणाचं नाव शोभेल, हे सांगायला घसासुद्धा साफ केला. तेवढ्यात पाराच्या मागं बसलेला ढोलवाला म्हातारा, जो आजवर वाजवण्यापलीकडे कधी काही बोलला नव्हता, त्यानं काठी वर केली.

"थांबा जरा. इथंच मी वाजवायचो."

"मग वाजव की. कोण अडवतंय?"

"ते नव्हं. ध्यानात ठेव म्हटल्यावर पुसणी संपायची नाही. तिथं अर्धी व्हायची. पुढची अर्धी तुमची असायची. कारभारी खालून तुम्हाला पुसायचा."

"आम्हाला? आम्हाला काय पुसायचंय?"

"ते ऐकायचा कंटाळा यायचा लोकांना," ढोलवाला म्हणाला. "स्वतःला कुणी पुसलेलं कुणाला आवडतंय? लोकांनी माझ्या बापाला सांगितलं, कारभाऱ्याचं झालं की जोरात वाजव. बापानं वाजवला. माझ्या वेळी म्हणाले, जरा अलीकडून सुरू कर. मी केला. मग म्हणाले, आणखी अलीकडून. शेवटी नुसता ढोलच राहिला. मला वाटायचं, माझा ढोल आवडतो गावाला."

सुंद्राक्का त्याच्याजवळ गेली. "बाबा, त्या दुसऱ्या अर्ध्यात काय पुसायचे, थोडंतरी आठवतंय का?"

"ढोलाखालून जेवढं ऐकू आलं तेवढं. पहिलं पुसायचे, हो म्हणण्याआधी काय विचारलंत? दुसरं पुसायचे, तळ्याच्या बांधावर कामाला कोण येईल? आणि तिसरं..." म्हाताऱ्यानं मान हलवली. "तिसरं नाही आठवत. तिथं बापाचा ढोल फार जोरात असायचा."

सुंद्राक्का पारासमोर जाऊन उभी राहिली.

"गावकरी हो, हो म्हणण्याआधी काय विचारलंत?"

पारावर चुळबूळ झाली. खरं म्हणजे एकानंही काही विचारलं नव्हतं. शेवटी घाटावर धुणी धुणारी ती बाई, जिनं आम्हा मेल्यांना काय कळतंय म्हटलं होतं, तीच पुढं झाली. जराशी लाजत म्हणाली, "पाहुणे, ताग तळ्यात घातला की पाण्याचं काय होतं?"

"कुजतं," व्यापारी म्हणाला.

"काय कुजतं?"

"ताग कुजतो, त्याबरोबर पाणीही. कुजल्याशिवाय काडीवरचा वाक, म्हणजे दोराचा धागा, सुटत नाही. पाणी काळं पडतं, वास मारतं. मासे मरतात. गुरं तोंड लावत नाहीत. पाऊस येऊन तळं धुऊन निघेपर्यंत तसंच राहतं."

पारावर एकच गलका झाला.

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?" सुंद्राक्काचा नवरा ओरडला.

"कुणी विचारलं?" व्यापारी शांतपणे म्हणाला. "मी खोटं बोललो का? विचारलं असतं तर सांगितलं असतं. इतकी गावं फिरलो, सगळे विचारतात पायऱ्या कशा असतील, कमान केवढी असेल. पाण्याचं कुणीच विचारत नाही. आज पहिल्यांदा या बाईनं विचारलं."

धुणं धुणाऱ्या त्या बाईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती जरा ताठ झाली.

गावानं एका आवाजात 'नाही' म्हटलं. सुंद्राक्कानं तांब्यातलं पाणी वडाच्या मुळाशी ओतलं. व्यापाऱ्यानं गाडी जुंपली. त्याच्या मनात राग नव्हता. जाताना म्हणाला, "पुढच्या गावालाही तळं आहे. तिथं बघतो."

"तिथं तरी आपणहून सांगाल का?"

"विचारलं तर सांगेन."

सुंद्राक्कानं त्याच्या गाडीआधी पोचेल असा एक चालणारा गडी आडवाटेनं पुढच्या गावी धाडला. निरोप एवढाच: पायऱ्यांचं विचारू नका, पाण्याचं विचारा.

आता गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं, सगळे खूश राहिले असते. पण पुसणीचा दुसरा प्रश्न उरला होता, आणि सुंद्राक्का आता गोड बोलून उठणारी राहिली नव्हती.

"बांधावर कोण येईल?" तिनं पुसलं. "तळं आपलं ना? मग बांधाला पडलेली भोकं आपली, आणि घाटावरची घसरणही आपलीच. व्यापारी गेला, पायऱ्या गेल्या. दगड आणायला कोण येईल?"

मघाशी 'नाही' म्हणताना जो गळा लागला होता, तो आता कुणाचाच लागेना. कुणाला बैल आजारी असल्याचं आठवलं, कुणाला पाठ दुखत असल्याचं. मघाशी मागून टवाळी करणारा तो माणूस तर आकाशाकडे बघू लागला. सुंद्राक्का थांबून राहिली. तिनं विषय बदलला नाही, कुणाला समजावलं नाही, तुझंच बरोबर आहे असंही म्हणाली नाही. नुसती थांबली.

सगळ्यांत आधी पंतोजी उठले. "मला दगड उचलता येत नाहीत," ते म्हणाले, "पण पोरांना घेऊन येतो. त्यांना बांध बघू दे. हा धडा माझ्याकडून राहून गेलाय." मग कुंभार उठला. मग घाटावरच्या बाया. त्या उठल्यावर त्यांच्या घरच्या बाप्यांना बसून राहणं जमेना. शेवटी माजी कारभाऱ्यानं डोक्यावरचा फेटा काढला, घडी घातली आणि म्हणाला, "चला, दगड डोक्यावर घ्यायला याची चुंबळ तरी होईल."

पायऱ्या झाल्या. घडीव नाहीत, वेड्यावाकड्या. एक उंच, एक ठेंगणी. त्यांच्यावरून अजूनही बघून पाय टाकावा लागायचा. कमान झालीच नाही. पण बांधाची गळती थांबली, आणि त्या उन्हाळ्यात काठच्या काकड्या गावाला पुरून उरल्या.

पुढच्या माघात पुन्हा मडकी मांडली, आणि चिंचोके दुसऱ्याच कुणाच्या मडक्यात जास्त पडले. बांधाच्या कामाला ज्यांना ओढून नेलं होतं त्यांतल्या काहींचा राग गेला नव्हता, असं म्हणतात. सुंद्राक्काला थोडं लागलं. लागणारच. पण पुसणीच्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी येऊन पारावर बसली, पाय लोंबते सोडून, आणि खाली उभ्या असलेल्या नव्या कारभाऱ्याला तिनं असा काही खणखणीत आवाज दिला, "तळं कुणाचं?" की तो बिचारा दचकलाच.

पहिली अर्धी झाली. दुसऱ्या अर्ध्यातले दोन प्रश्न झाले. आणि मग तिसऱ्याची जागा आली. तो कुणालाच आठवत नव्हता. कुणी म्हणालं, सोडून द्या, दोन पुरेत. म्हातारी आजी मात्र ऐकेना. "इथं काहीतरी होतं," ती म्हणाली. "ज्यांना ठाऊक होतं ती गेली. जागा तरी राहू द्या."

म्हणून गावानं ती जागा मोकळी ठेवली. दरसाल पुसणी तिथं आली की सगळे गप्प होतात. वडावरचे पक्षी, लांब कुठं शेळीच्या गळ्यातली घंटी, तळ्याच्या पाण्याची चुबुकचुबुक, सगळं ऐकू येतं. ज्यांचे आईबाप कधी या पारावर बसले होते, त्यांना ते आठवतात. मग त्या शांततेत ज्याला वाटेल त्यानं आपला प्रश्न घालायचा. कुणी विचारलं, रस्त्यावरच्या वाटसरूला आपलं पाणी आहे का? कुणी विचारलं, जे आज आले नाहीत त्यांना कुणी बोलावलं का?

सुंद्राक्का अगदी म्हातारी झाली होती, तेव्हाच्या एका पुसणीची गोष्ट. जुना ढोलवाला केव्हाच गेला होता, त्याचा नातू वाजवायचा. ती मोकळी जागा आली, सगळे गप्प झाले, आणि सुंद्राक्कानं बसल्या जागेवरून विचारलं, "आमच्यामागं हे सगळं कोण ध्यानात ठेवेल?"

ढोलवाल्यानं वाजवायला काठी उचलली होती. ती त्यानं हळूच खाली ठेवली. उत्तर आल्याशिवाय त्या गावात आता ढोल वाजत नाही.

तात्पर्य: कारभार्‍याला आपलं काम ठाऊक नसेल तर अर्धं गाव बुडतं, आणि गावाला आपलं काम ठाऊक नसेल तर उरलेलं अर्धं. म्हणून निवडून दिल्यावर घरी जाऊन निजू नये. आधी त्याला पुसावं, मग स्वतःला पुसावं, आणि ढोल सगळ्यांत शेवटी वाजवावा.